शेवटच्या अक्षराचं शेपूट

फडक्यावर सोनं आलं तेव्हा रत्नाबाईंचा हात थांबला.

आधी त्यांना वाटलं, ऊनच पडलंय. नाइल्सच्या त्या जुन्या शेडला एकच खिडकी, तीही उंचावर. सकाळचं ऊन तिच्यातून उतरून मोटरसायकलच्या टाकीवर तिरकं पडायचं. पण हात सावलीत धरला तरी फडक्यावरची पिवळी चमक तशीच राहिली, हळद सांडल्यासारखी. त्यांनी टाकीकडे पाहिलं. मघाशी तिथे काजळी होती. घासता घासता काजळीखालून अक्षरं वर आली होती, आणि एका क्षणी तर सगळं नाव समई लावल्यासारखं उजळलं होतं. रत्नाबाई स्वतःशीच हसल्या होत्या. आणखी जरा हात फिरवला की लख्ख होईल, म्हणून त्यांनी आणखी जरा हात फिरवला होता.

आता तिथे नुसता पत्रा होता.

गुडघ्याशी वाटीत खोबरेल तेल होतं, वर्तमानपत्रावर रांगोळीची पांढरी पूड. परातीत झेंडूची फुलं, कुंकवाचा करंडा, उदबत्ती. आज खंडेनवमी.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. मग फडकं उलटं करून त्यांनी ते टाकीवर दाबलं, जणू गेलेलं सोनं तसंच परत बसेल. पत्र्यावर तेलाचा ओघळ तेवढा राहिला.

खंडेनवमीला लोखंडाची पूजा करायची, आणि पूजेआधी ते घासायचं, हे रत्नाबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या हातात होतं. इस्लामपुरात त्यांची पिठाची गिरणी होती. दर नवमीला गिरणी बंद ठेवून त्या चाक, पट्ट्याची पुली, इंजिनाची पितळी टोपी असं सगळं रांगोळीनं घासायच्या. मालक दाराशी बसून विडी ओढत म्हणायचे, "आज माझ्यापेक्षा तिचीच जास्त आंघोळ." घासता घासता सासूकडून आलेली ओवी ओठावर यायची, तिच्यात त्या आपली एखादी ओळ घालायच्या:

लोखंडाच्या देवा, घासते मी चाक
जोवरी घुमे गिरण, घरी धन्याची हाक

मालक गेले. गिरणी विकली. मुलगा परीक्षित कधीचाच अमेरिकेचा नागरिक झाला होता, त्यानं आईला फ्रीमाँटला आणलं. टाउनहाउसमध्ये सगळं होतं, फक्त आवाज नव्हता. फ्रीज बोलायचा, डिशवॉशर बोलायचा. पण ते बोलणं दारामागून कुजबुजल्यासारखं. आणि एका रविवारी जवळच्याच नाइल्स भागातल्या रस्त्यानं चालताना त्यांना पुक पुक पुक ऐकू आलं.

थेट गिरणीचं इंजिन. तेच, अडखळत, मध्येच एक ठोका गिळत चालणारं. रत्नाबाई आवाजामागून गेल्या तर एका शेडमध्ये एक उंच, वाकलेला गोरा म्हातारा स्टँडवर चढवलेल्या काळपट मोटरसायकलशेजारी कानाला हात लावून उभा होता. त्यानं वर पाहिलं. दारात लुगड्यातली एक बाई रडत उभी होती. म्हाताऱ्यानं काही विचारलं नाही. एक स्टूल पुढे सरकवलं आणि इंजिन चालू ठेवलं.

ते वॉल्ट. पेशानं शाळामास्तर, आता निवृत्त. त्यांना कुणी 'आजोबा' म्हटलेलं नव्हतं. रत्नाबाई म्हणू लागल्या आणि त्यांनी ते टोपीसारखं घालून टाकलं. त्या दिवसापासून रत्नाबाई आठवड्यातून तीनदा शेड झाडायला जाऊ लागल्या. वॉल्ट इंग्रजीत बोलायचे. रत्नाबाईंना त्यातलं निम्मं शब्दांवरून कळायचं आणि निम्मं हातांवरून.

त्या हातांनीच त्यांना बेलामीची हकिकत सांगितली होती. स्टॉकटनमध्ये एरन बेलामी नावाचा एक घोडागाड्या बनवणारा होता. घोड्यांचे दिवस सरत आले तसं त्यानं सायकलीला इंजिन बसवलं, मग इंजिनाला साजेशी सायकल बनवली, आणि बघता बघता बेलामी मोटरसायकल टेकड्या चढायच्या शर्यतीत पहिली येऊ लागली. सहा वर्षं कारखाना चालला. मग मोठ्या कंपन्यांनी भाव पाडले, पहिल्या महायुद्धानं पोलाद खाल्लं, आणि एका उन्हाळ्यात रंगशाळेला लागलेल्या आगीनं उरलंसुरलं नेलं. जगात आता तीन बेलामी उरल्या होत्या. दोन पुन्हा रंगवलेल्या. एकच अशी, की जिच्या टाकीवर पहिल्या दिवसाचं नाव होतं.

आणि ते नाव एरननं लिहिलेलं नव्हतं. त्याच्या बहिणीनं, हेस्टरनं लिहिलं होतं. ती वॉल्टची आजी. कारखान्याच्या छापील माहितीत ती कुठेच नव्हती. पण खारीच्या केसांच्या कुंचल्यानं, सोन्याच्या वर्खानं, प्रत्येक टाकीवर ती एकटी नाव काढायची, आणि शेवटच्या अक्षराचं शेपूट मागे ओढून सगळ्या नावाखालून पहिल्या अक्षरापर्यंत आणायची. पदर घ्यावा तसं. वॉल्ट पाहुण्यांना ते दाखवताना बोट हलकेच अक्षरांवरून फिरवायचे. वर्ख जरासा उठावाचा होता. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांसमोर मधोमध काळा डाग धरला, कडेकडेचं तेवढं दिसू लागलं. पण बोट चुकत नव्हतं.

"नो वॉटर, रॅट्ना," एवढा एकच नियम त्यांनी सांगितला होता. रत्नाबाईंना तो पटलाही होता. लोखंडी तव्याला कुणी पाणी लावून ठेवतं का?

म्हणून त्यांनी पाणी लावलं नव्हतं. थेंबभरही नाही.

शेडच्या मालकानं जागा विकली होती. महिनाअखेर सगळं रिकामं करायचं होतं, आणि वॉल्ट हेवर्डच्या वृद्धाश्रमात जायचे होते. पण त्याआधी, येत्या मंगळवारी, पूर्वेकडच्या एका मोठ्या संग्रहालयाच्या बाई बेलामी बघायला येणार होत्या. त्यांनी पसंत केली तर ती तिथे उभी राहणार होती, काचेआड, शेजारी पाटी आणि पाटीवर हेस्टरचं नाव. गेली पन्नास वर्षं वॉल्ट एवढ्यासाठीच पत्रं लिहीत होते. नाही पसंत केली तर सुटे भाग घेणारा एक माणूस तयारच होता.

बघायला येणार म्हटल्यावर रत्नाबाईंना राहवलं नव्हतं. पोरगी दाखवायची तर तोंड न धुता दाखवायची? त्यात नवमी आलेली. वॉल्ट सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. परत येतील आणि हाताला गुळगुळीत लागेल, झेंडूचा वास येईल, असं त्यांच्या मनात होतं.

परीक्षितला फोन केला तेव्हा तो घरीच होता. ऑगस्टपासून घरीच असायचा. तो आला, चपला फटफटवत आत शिरला आणि मोटरसायकलपाशी येऊन थबकला.

"आई, हे काय केलंस?"

"घासली."

"कशानं?"

"रांगोळीनं. पाणी नाही लावलं रे. नको म्हणाले होते ना, म्हणून नाहीच लावलं."

परीक्षित स्टुलावर बसला. त्याला हसू आलं, ते अर्ध्यातच मोडलं. "अगं, ती जुनी होती, हाच तिचा मान होता. तो मळ नव्हता."

"मग काय होतं?"

"तीच होती ती."

रत्नाबाई खाली बसल्या. परातीतली फुलं त्यांनी उगीच एकीकडून दुसरीकडे केली. "आता रे? कसं रे सांगू त्यांना?"

"थांब, पॅनिक नको करू. भिंतीवर फोटो आहे ना टाकीचा, मोठा केलेला? नेत्राचं लेटरिंग मस्त आहे. क्राफ्टच्या दुकानातून गोल्ड पेंट आणतो. फोटो बघून ती सेम काढेल. आजोबांना दिसत नाही, आणि त्या बाईंनी ही आधी कुठे बघितलीय?"

"कळलं तर?"

"यार आई, मला काय माहीत. मी काय मोटरसायकलवाला आहे? मला माझी नोकरी सांभाळता आली नाही, मी तुझी गाडी कुठून सांभाळू?" मग त्यानं मान खाली घातली. "सॉरी. मी पेंट आणतो."

त्यानं पेंट आणला. संध्याकाळी त्याची बायको नेत्रा ऑफिसातून थेट तिथे आली. घरात आता तिची एकटीची नोकरी होती आणि ती हल्ली चालताना सुद्धा हिशेबात असल्यासारखी चालायची. तिनं बॅग ठेवली, फोटो पाहिला, बारीक कुंचला सोनेरी डबीत बुडवला आणि टाकीवर वाकली. पहिल्या अक्षराची उभी रेघ ओढायला कुंचला टेकणार, तोच रत्नाबाईंनी त्या उघड्या पत्र्यावर तळवा ठेवला.

"नको."

"आई, अहो, हातावर येईल."

"येऊ दे. तुझा हात छान आहे गं. पण तो तिचा नाही." त्यांचा तळवा निघेना. "तिचं नाव कागदावर कुठं नव्हतं म्हणतात. एवढं होतं तेवढं मी पुसलं. आता त्यावर दुसरीचा हात चढवून ती कधी नव्हतीच असं करू?"

परीक्षित म्हणाला, "मग सरळ सगळं घालवायचं का? त्यांची पन्नास वर्षं?"

नेत्रानं कुंचला टिशूला पुसला, डबीचं झाकण घट्ट लावलं. "मग आजच सांगा त्यांना," ती म्हणाली. "मंगळवारपर्यंत थांबू नका. मी येऊ बरोबर?"

"नको. माझ्या हातानं झालंय, माझ्या तोंडानं जाऊ दे."

वॉल्ट शेडमागच्या खोलीत राहायचे, दुपारी परतल्यावर थेट तिथेच गेले होते. रत्नाबाई आत गेल्या तेव्हा ते पलंगावर एक जुना कोट पसरून त्याच्या बाह्या चाचपत होते.

"रॅट्ना, हा निळा आहे की काळा?"

"ब्लू," रत्नाबाई म्हणाल्या.

"छान. आजीला निळा आवडायचा." ते खुशीत होते. दाढी करताना हनुवटी कापलेली, तिथे कागदाचा कपटा चिकटलेला. "ऐक. मंगळवारी तू माझ्याजवळ उभी राहा. मी त्यांना सांगणार आहे. माझे डोळे गेल्यापासून या गाडीला कुणी सांभाळलं, तर हिनं."

रत्नाबाईंनी मनात जुळवून आणलेली वाक्यं होती. आय क्लीन. आय मिस्टेक. आय सॉरी. तीन खडे मुठीत धरावे तशी त्यांनी ती धरली होती.

"आजोबा," त्या म्हणाल्या. "आय..."

"यू," वॉल्ट म्हणाले आणि त्यांच्या दिशेनं, थोडं बाजूला बघत हसले. "यस. यू."

रत्नाबाईंनी कोटाची बाही सारखी केली. एक बटण सैल होतं, ते टाचून दिलं. आणि तशाच घरी आल्या. नेत्रानं दारातच त्यांचा चेहरा पाहिला आणि ओळखलं. दसऱ्याला श्रीखंड झालं, रत्नाबाईंनी बोट बुडवून चाखलं तेवढंच. शेडमध्ये एकदा गेल्या त्या मोटरसायकलवर चादर घालायला. वॉल्टना म्हणाल्या, "डस्ट." ते म्हणाले, "गुड." सोमवारी पुन्हा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आल्या. आत ते कुणाशी तरी फोनवर मोठ्यानं बोलत होते, हेस्टर, हेस्टर, असं नाव दर वाक्यात येत होतं. रत्नाबाई पायरीवर बसल्या. ओठांवर ओवी नव्हती, फक्त तिचा ठेका होता, आणि त्या ठेक्यात आपोआप शब्द भरत गेले:

सोनियाचं नाव माझ्या फडक्याला आलं
पूजेच्या गं हातानं काय बाई झालं

मंगळवारी संग्रहालयाच्या बाई वेळेवर आल्या. कोटाच्या कॉलरला अमेरिकेचा इवला झेंडा लावलेला, सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर त्या शरद ऋतूत सगळेच लावत होते तसा. परीक्षित दुभाष्या म्हणून उभा होता. वॉल्ट निळ्या कोटात ताठ. चादर काढायचं काम त्यांनी रत्नाबाईंना दिलं.

बाईंनी चाकं पाहिली, साखळी पाहिली, गुडघे टेकून इंजिनाचं पोट पाहिलं. टाकीपाशी आल्या आणि थांबल्या. त्यांनी परीक्षितकडे पाहिलं. परीक्षितनं जमिनीकडे पाहिलं.

"आता टाकी," वॉल्ट म्हणाले. "इथेच थांबा. घाई करू नका. इथे एक बाई तुम्हाला भेटणार आहे."

त्यांनी हात पुढे केला. तर्जनी बरोबर जागेवर उतरली, आणि घसरली.

ती मागे आली. पुन्हा उतरली. मग डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आपल्याच घराच्या जिन्यात पायरी सापडू नये तशी. पत्रा आरशासारखा गुळगुळीत होता. वॉल्टचा चेहरा हलला नाही. बाहेरून मालगाडी जात होती. ती संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

मग त्यांनी बोट पहिल्या अक्षराच्या जागी नेलं आणि लिहिलं. कोऱ्या पत्र्यावर, उभी रेघ, दोन पोटं, पुढे एकेक अक्षर, न चुकता, शेवटपर्यंत. शेवटच्या अक्षरावरून बोट खाली उतरलं, मागे वळलं आणि सबंध नावाखालून पहिल्या अक्षराशी येऊन टेकलं.

"कोणी?" त्यांनी विचारलं.

रत्नाबाईंनी कनवटीची गाठ सोडली. त्या दिवसापासून ते फडकं तिथेच होतं. त्यांनी ते वॉल्टच्या हातात ठेवलं आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली.

"माय हँड," त्या म्हणाल्या.

वॉल्टनी फडकं नाकाशी नेलं. खोबरेल तेलाचा वास आला असावा. परीक्षित घाईघाईनं इंग्रजीत सांगू लागला, आमच्याकडे एक सण असतो, अवजारांची पूजा, आईचा काहीच वाईट हेतू... वॉल्टनी हात वर केला आणि तो थांबला.

"पूजा," रत्नाबाई म्हणाल्या.

"हिची?" वॉल्टनी विचारलं.

"हिची."

त्यांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "मला खुर्ची द्या."

बाई चांगल्या होत्या. त्यांनी घाई केली नाही, आवाज चढवला नाही. इंजिन बेलामीचंच आहे, त्या म्हणाल्या, पण इंजिनं इतरही आहेत. ती सही होती म्हणून ही वेगळी होती. समितीला काय दाखवू? फोटो दाखवता येतो, पण फोटो ठेवायला एवढी जागा कोण देईल. जाताना त्या रत्नाबाईंकडे वळल्या आणि त्यांच्या खांद्याला हात लावून गेल्या.

वॉल्ट खोलीत निघून गेले. दार लावून घेतलं.

महिनाअखेर सुटे भाग घेणारा माणूस ट्रक घेऊन आला. इंजिन एकाकडे जाणार होतं, चाकं दुसऱ्याकडे. पुढचं चाक धरणारा काटा ओरेगनला. रत्नाबाई रस्त्यापलीकडे उभ्या राहून बघत होत्या. टाकी कुणालाच नको होती. शेवटी ती त्यानं ट्रकच्या कोपऱ्यात, रिकाम्या डब्यांमध्ये टाकली, आणि वळणावर तिच्या चकचकीत पत्र्यावर ऊन पडलं.

वॉल्टचा फोन आला नाही. येईल असं रत्नाबाईंना वाटलंही नव्हतं. तरी वाजला की त्या हात पुसत उठायच्या. परीक्षितला सांता क्लाराहून एका कॉन्ट्रॅक्टचं बोलावणं आलं, मग ते कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल झालं. घरात सगळे एकमेकांशी फार जपून बोलायचे.

दिवाळीच्या दिवशी नेत्रानं डबा भरला, चकल्या, चिवडा, दोन बेसनाचे लाडू. "आई, मी ड्राइव्ह करते. तुम्ही वर जाऊन या. पाच मिनिटं. नाही बोलले तर डबा ठेवून या."

"हाकलून दिलं तर?"

"तर खाली मी आहे की."

वृद्धाश्रमाच्या कॉरिडॉरला औषधाचा आणि उकडलेल्या गाजरांचा वास होता. वॉल्टच्या दाराशी रत्नाबाई वाकल्या आणि रांगोळीची पुडी सोडली, तेवढ्यात एक नर्स धावत आली. फरशीवर पावडर नको, म्हातारी माणसं घसरतात. रत्नाबाईंनी मान हलवली. चूक आणखी एक. पुडी मिटून त्या आत गेल्या.

वॉल्ट खिडकीशी बसले होते. त्यांनी मान वळवली, बघण्यासाठी नाही, वास घेण्यासाठी.

"रॅट्ना."

"आजोबा. दिवाळी."

त्यांनी बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. रत्नाबाईंनी फराळ कागदी बशीत काढला. डब्याचं स्टीलचं मोठं झाकण, ताटाएवढं, मोकळं झालं होतं. ते त्यांनी वॉल्टच्या मांडीवर ठेवलं आणि रांगोळीची पूड त्यात ओतून हलवून सपाट केली. फरशीवर नाही तर इथे. दिवा नाही, फूल नाही, निदान रांगोळी तरी.

वॉल्टनी झाकणात बोट टेकवलं. "काय हे?"

"रांगोळी." मग रत्नाबाईंनी श्वास घेतला. "सेम पावडर."

बोट तिथेच राहिलं. रत्नाबाई पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या. आता ते झाकण ढकलतील, पांढरी पूड गुडघ्यांवरून सांडेल, हे त्यांना दिसतच होतं.

वॉल्टनी रांगोळीत लिहायला सुरुवात केली. सावकाश. उभी रेघ, दोन पोटं. रत्नाबाईंना इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, पण ही त्यांच्या ओळखीची होती. नाव पुरं झालं, शेपूट मागे येऊन पहिल्या अक्षराला टेकलं. वॉल्टनी झाकण हलवलं. सगळं पुन्हा कोरं. मग चाचपत त्यांनी रत्नाबाईंचा हात धरला, त्यांची तर्जनी रांगोळीवर आणली आणि आपला हात काढून घेतला.

रत्नाबाईंनी लिहिलं. एक अक्षर फुगलं, एक आडवं गेलं. शेवटी शेपूट काढून त्या थांबल्या.

वॉल्ट बोटानं तपासत गेले. जिथे बोट लागलं तिथे अक्षर पुसत गेलं. शेपूट मध्येच संपलं तिथे त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"लाँगर," ते म्हणाले.

रत्नाबाईंनी झाकण दोन्ही हातांनी धरलं, जरासं हलवलं, पूड सपाट केली, आणि पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात केली.